वाचकांचे प्रश्न : कबरीचा खर्च, पहिल्या दिवसाचा आणि वर्षानंतरचा

मागच्या अंकात मृत्युपत्रावरची प्रश्नोत्तरं आली आणि त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच मुद्द्याची निघाली: ज्या घरांत दहन नाही, दफन आहे, त्यांनी खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? इंदुरातल्या मराठी घरांत ख्रिस्ती आहेत, लिंगायत आहेत, गोसावी आणि नाथपंथी आहेत. पंचकुइया किंवा रामबागच्या मुक्तिधामात चौकशी केली की लाकूड-कंड्यांचा (गोवऱ्यांचा) हिशोब दोन मिनिटांत कळतो. दफनाचं तसं नाही. दर जागेगणिक, मंडळीगणिक (म्हणजे चर्चगणिक) बदलतात, म्हणून खाली मापं, क्रम आणि हिशोबाची रीत दिली आहे. रुपयांचे आकडे ‘समजा’ म्हणून धरलेले आहेत. सरकारी रकमा तेवढ्या आहेत तशा दिल्या आहेत.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, सहा महिन्यांपासून अंथरुणावर आहेत. आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे. थोरला भाऊ म्हणतो, तीस-पस्तीस हजार बाजूला ठेवले की झालं. धाकटा म्हणतो, लाखाच्या खाली भागणार नाही. किती धरावं? (एक वाचिका, सुदामा नगर)

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोघं वेगवेगळ्या खर्चाबद्दल बोलताहेत. दोन कागद घ्या. एकावर पहिल्या चोवीस तासांत द्यावाच लागणारा पैसा लिहा: फ्रीझर पेटीचं भाडं, शवपेटी, शववाहन, दफनभूमीची फी, खड्ड्याची मजुरी, चर्चचं शुल्क, फुलं, खुर्च्या-मंडप, चहापाणी, वर्तमानपत्रातली निधनवार्ता. दुसऱ्यावर कबर बांधण्याचा खर्च: ओटा, दगड, अक्षरं, क्रूस आणि पक्क्या बांधकामाची परवानगी. हा दुसरा कागद वर्षभर उघडायचाच नाही. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात ग्रॅनाइट ठरवणारी घरं पैसेही जास्त देतात आणि काम पुन्हा करून घेतात; का, ते पुढच्या एका उत्तरात आहे.

पहिल्या कागदातली सगळ्यात लवचीक रक्कम शवपेटीची. साधी प्लायवूडची, कापड लावलेली पेटी आणि पॉलिश केलेली सागवानी पेटी यांत कित्येक पटींचा फरक असतो, आणि जमिनीत दोघींचं काम एकच. पेटीचं झाकण कुजून खचलं की वरची माती बसते; हे जितकं लवकर आणि एकदाच होईल तितकं पुढच्या बांधकामाला बरं. म्हणून जाड लाकडाचा किंवा आतून पत्रा मारलेल्या पेटीचा आग्रह धरू नका. माप मात्र नीट द्या: डोक्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीत तीन-चार इंच आणि खांद्याच्या रुंदीत दोन-तीन इंच वाढवून आतलं माप. बाहेरचं माप, कड्यांसकट, खड्डा खणणाऱ्याला सांगायचं. पेटी बाहेरून साडेसहा फूट बाय दोन फूट असेल तर खड्डा सात बाय तीन हवा. चारी बाजूंनी निदान तीन इंच मोकळे नसतील तर कडी मातीत अडकते, पेटी एका बाजूने खाली जाते आणि सगळ्यांसमोर ती पुन्हा वर ओढावी लागते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आजच लिफ्ट मोजून ठेवा. साडेसहा फुटांची पेटी साध्या लिफ्टमध्ये आडवी मावत नाही, जिन्याच्या वळणावर उभी करावी लागते. अशा इमारतीत शरीर स्ट्रेचरवर किंवा चादरीत खाली आणून पेटीत तळमजल्यावर ठेवणं सोपं. फ्रीझर पेटीचंही तेच: ती वर चढवण्याची हमाली वेगळी लागते. भाडं ठरवताना ‘एक दिवस’ म्हणजे चोवीस तास की तारीख बदलली की दुसरा दिवस, हे विचारून घ्या. रात्री दहाला आणलेली पेटी सकाळी अकराला परत गेली आणि दोन दिवसांचं भाडं लागलं, ही तक्रार नेहमीची आहे.

खड्ड्याचं गणित: सात बाय तीन बाय सहा फूट म्हणजे १२६ घनफूट, सुमारे साडेतीन घनमीटर माती. तीन-चार माणसांचं पाच-सहा तासांचं काम, तेही सगळी माती असेल तर. माळव्यात वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा सरळ काळा पाषाण. खडक लागला तर ब्रेकर आणावा लागतो आणि मजुरी ठरल्यापेक्षा वाढते. पावसाळ्यात उलटी अडचण: काळ्या मातीच्या भिंती ढासळतात, तळाला पाणी साचतं. फळ्यांचा आधार, ताडपत्री आणि पाणी उपसायला छोटा पंप, हे तीन खर्च जून ते सप्टेंबरच्या अंदाजात आधीच घाला, आणि खड्डा आदल्या रात्री न खणता त्याच सकाळी खणायला सांगा. दोर दफनभूमीत असतातच असं नाही. सुती किंवा तागाचे दोन जाड दोर, प्रत्येकी वीस-बावीस फूट. नायलॉनचा हातातून निसटतो.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं ती रक्कम: मंडळीची थकलेली वर्गणी. बऱ्याच मंडळ्यांत दफनाची चिठ्ठी देण्याआधी सभासदाचं खातं पाहतात आणि बाकी भरून घेतात. वडील दहा वर्षं एका मुलाकडे, मग दुसऱ्याकडे राहिले असतील तर त्यांचं नाव कोणत्या मंडळीच्या यादीत आहे हेही घरच्यांना ठाऊक नसतं. सेक्रेटरींना आत्ताच भेटून नाव, बाकी, जागेची फी आणि सभासद नसलेल्याची फी या चार गोष्टी लिहून घ्या, तारखेसकट. हे आधी विचारणं अशुभ वाटत असेल तर वर्गणी भरायला म्हणून जा.

समजा पहिल्या कागदाची बेरीज ३२,००० आली. रात्र, सुट्टी, पाऊस, खडक यांसाठी त्यावर १५ टक्के, म्हणजे ४,८०० धरा. साधारण ३७,००० रुपये असे ठेवा की रात्री दोनलाही हातात येतील. दुसऱ्या कागदाचे ४५-५० हजार असोत नाहीतर पाच हजार. ते सवडीने जमवायचे आहेत.

प्रश्न : आईची कबर १९९४ची, तेव्हा ‘फॅमिली ग्रेव्ह’ म्हणून घेतली होती. वडिलांनाही तिथेच ठेवायचं आहे. नवीन जागेचा खर्च वाचेल ना?

जागेचा वाचेल, काम मात्र वाढेल. आधी १९९४ची पावती आणि चर्चच्या दफन-नोंदवहीतली ओळ शोधा. पावतीवर जागा कायमची दिली आहे की ठरावीक वर्षांसाठी, आणि ती कुणाच्या नावावर आहे, हे दोन शब्द पाहायचे. नाव मामांचं किंवा वारलेल्या काकांचं असेल तर त्यांच्या वारसांची लेखी संमती मागतात, आणि ऐन वेळी ती मिळवताना फोनाफोनी होते.

मग खोली. दोघांसाठीची कबर पहिल्यांदाच खोल खणलेली असावी लागते. हिशोब असा: वर साडेतीन फूट माती, दीड फुटाची पेटी, मध्ये एक फूट मातीचा थर, खाली दुसरी दीड फुटाची पेटी. बेरीज साडेसात, म्हणून खड्डा आठ फुटांचा. १९९४ साली तो सहाच फूट खणला असेल तर दुसरी पेटी साहजिकच वरवर येते. तीस वर्षांनंतर खालचं लाकूड उरलेलं नसतं, तेव्हा अवशेष एका कापडात गोळा करून तळाशी आणखी खोल ठेवतात आणि वर नवी पेटी उतरवतात. हे चालेल का, हे दफनभूमीची कमिटी ठरवते. भावंडांनीही आपसांत आधी बोललेलं बरं, कारण काहींना ते पाहवत नाही. शिवाय वरचा दगड न फोडता काढणं आणि परत बसवणं ही दोन कामं वाढतात. ओट्याला सिमेंटने चिकटवलेली फरशी सहसा अखंड निघत नाही.

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी चाळीसाव्या दिवशीच कबरीवर काळा ग्रॅनाइट बसवला. दुसऱ्या पावसात ओटा एका अंगाला कलला आणि फरशीला मधोमध भेग गेली. कारागीर म्हणतो दगडात दोष होता. (एक वाचक, महू)

दगडात दोष असण्याची शक्यता फार कमी. दोष घाईचा आणि मातीचा. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात माळव्यातल्या कोणत्याही पडीक शेतात हात जाईल एवढ्या चिरा दिसतात. त्यात कबरीची माती भरावाची. खणलेली माती सैल होऊन फुगते, म्हणून दफनानंतर वर ढीग उरतो. तो पुढच्या महिन्यांत बसत जातो, आणि पेटीचं झाकण खचलं की एकदम खाली जातो. निदान एक पावसाळा, जमल्यास दोन, जाऊ द्यायचे. तोवर मातीचा उंचवटा, कडेने विटांची एक ओळ आणि नावाची साधी लाकडी किंवा पत्र्याची पाटी पुरते. दर पावसाळ्यानंतर खळगा भरून घ्यायचा.

तुमच्या ओट्याच्या भिंती बहुधा भरावावरच उभ्या आहेत. दुरुस्ती करायची तर फरशी काढा आणि भिंतींचा पाया खड्ड्याच्या कडेबाहेर, न खणलेल्या जमिनीत घ्या. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला तर पाया तिथपर्यंत न्या. काळी माती खोल असेल तर चारी बाजूंनी सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा करा, म्हणजे ओटा हलला तरी एकत्र हलतो, फाटत नाही. तयार ओट्याचं माप आठ बाय चारच्या आसपास जाईल. शेजारच्या कबरींमध्ये तेवढी वाट उरते का पाहा आणि कमिटीची परवानगी घ्या.

सामानाचा अंदाज यावा म्हणून: सात बाय तीन फुटांचा, दीड फूट उंच, साडेचार इंची भिंतीचा साधा ओटा धरला तर सुमारे १४० विटा, आणि पायाचं काँक्रीट, जोडाई, गिलावा मिळून सिमेंटच्या दोन-अडीच गोण्या. नऊ इंची भिंत केली तर विटा २६०. आठ बाय चारला यात पाचवा हिस्सा वाढवा. सिमेंट-विटांचा हा खर्च दगडापुढे किरकोळ असतो, पण लोक काटकसर नेमकी इथेच करतात. वर २१ चौरस फूट दगड. १८ मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण शंभर किलोंवर. एवढी अखंड फरशी फक्त कडांवर टेकवली की मधे भेग जाणारच. तिला दोन तुकड्यांत घ्या, सांध्यात लवचीक भराव टाका आणि खाली आधाराला आडव्या पट्ट्या द्या.

आमचं मत विचाराल तर पूर्ण ओटा हवाच असं नाही. डोक्याकडे, खड्ड्याच्या बाहेरच्या घट्ट जमिनीत दीड-दोन फूट पुरलेला एक उभा दगड आणि बाकी कबर मातीचीच, यात काही कलत नाही, तडकत नाही, आणि पुढे त्याच जागी कुणाला ठेवायचं झालं तर फोडाफोडही नाही. पैसे वाचवायचे तर कोटा स्टोनचा पर्याय आहे. राजस्थानातून येतो, इंदुरात सहज मिळतो. पण त्यावर कोरलेली अक्षरं ग्रॅनाइटइतकी वर्षं ठळक राहत नाहीत.

प्रश्न : आम्ही लिंगायत, मूळ सोलापूरचे. आजोबांना बसवून समाधी द्यायची आहे. इथल्या मजुरांना या पद्धतीची माहिती नाही. खड्डा किती, सामान किती? शेतात समाधी दिली तर जागेचा खर्च वाचेल का?

तुमच्याकडे खर्चाआधी वेळेचा प्रश्न आहे. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत शरीर ताठरू लागतं, बाराएक तासांत पूर्ण ताठरतं, आणि ते सैल व्हायला साधारण दीड दिवस जातो; थंडीत त्याहून जास्त. म्हणून पद्मासनात बसवणं पहिल्या दोन-तीन तासांतच व्हायला हवं: पाठीला फळी, कापडी पट्ट्यांनी आधार. सोलापूरहून माणसं येईपर्यंत म्हणून शरीर फ्रीझर पेटीत आडवं ठेवलं, की नंतर बसवता येत नाही आणि ओढाताण होते. वाट पाहायचीच असेल तर आधी बसवा आणि मग भोवती बर्फाच्या लाद्या लावा. बसून नेण्याचं ‘विमान’ इंदुरात तयार मिळेल असं धरू नका. सुताराला खुर्चीएवढं माप देऊन चौकट करून घ्यावी लागते, तिचा खर्च पहिल्या कागदावर लिहा.

खड्ड्याचा हिशोब: बसलेल्या माणसाची उंची तीन फूट, डोक्यावर अर्धा फूट मोकळं, वर साडेतीन फूट माती. एकूण सात फूट. बाजूला कोनाडा कोरून त्यात बसवायची रीत असेल तर तो कोनाडा मुरमातच टिकतो. काळ्या मातीत कोरताना कोसळतो आणि आत उतरलेल्या माणसाला धोका होतो. काळी माती खोल असेल तर कोनाड्याचा हट्ट सोडून चौकोनी खड्डा घ्या आणि डोक्यावर दगडी फरशीचं झाकण द्या. क्रम, मंत्र, इष्टलिंग कुठे ठेवायचं हे जंगम (लिंगायत पुरोहित) सांगतील. विभूती आणि बेलाची पानं पुरेशी आधी सांगून ठेवा.

काही घरांत, विशेषतः गोसावी आणि नाथपंथीयांत, मीठ घालतात. ‘मिठाने भरायचं’ असं कुणी म्हणालं तर गणित करून पाहा: तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खळगा शरीराभोवती पूर्ण भरायला सातशे-आठशे किलो मीठ लागेल. प्रथेला दोन-तीन पोती पुरतात, बाकी माती.

शेताचं म्हणाल तर जागा फुकट दिसते, पण नगर निगमाच्या हद्दीत नेमून दिलेल्या जागेबाहेर दफन करता येत नाही, आणि गावातही पंचायत आणि तहसील यांना विचारल्याशिवाय करू नये. जानेवारी २०२५मध्ये छत्तीसगढमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी नेमलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच दफन करण्याचा आदेश झाला. तोवर शरीर वीस दिवस शवागारात होतं. शेत पुढे विकलं गेलं तर समाधीपर्यंत जाण्याची वाट राहील का, हाही प्रश्न आहेच. समाजाची जागा इंदुरात नसेल तर जवळ कुठे आहे, तिथे बाहेरच्यांना घेतात का, हे आजोबा असतानाच विचारून या.

प्रश्न : सासऱ्यांची इच्छा अहिल्यानगरला, त्यांच्या आई-वडिलांशेजारी पुरावं अशी आहे. गाडीने नेण्याचा खर्च कसा धरायचा?

सेंधवा, धुळे, मनमाड असा सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता. गाडीवाला भाडं येण्या-जाण्याचं लावतो, म्हणजे हजार किलोमीटर. समजा दर किलोमीटरला २२ रुपये सांगितला तर २२,०००. त्यात टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा दर धरला आहे की वेगळा, हे मेसेजवर लिहून घ्या. दहा-अकरा तासांच्या प्रवासाला फ्रीझर असलेली गाडीच घ्या. नुसत्या बर्फाचं पाणी होतं, पेटीचं प्लायवूड फुगतं आणि तळ सुटतो.

बरोबर ठेवायचे कागद: डॉक्टरचा किंवा रुग्णालयाचा मृत्यूचा दाखला, मृताचं आणि बरोबरच्या नातेवाइकाचं ओळखपत्र, आणि अपघात वगैरे असेल तर पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि शवविच्छेदनाचा कागद. विमानाने न्यायचं असेल तर शरीर रसायन भरून टिकवल्याचं प्रमाणपत्रही लागतं. निघण्यापूर्वी तिथल्या मंडळीची जागेला लेखी संमती आली पाहिजे, निदान सेक्रेटरींचा मेसेज. गाडी मनमाडला असताना ‘त्या रांगेत जागा नाही’ असा फोन येऊ नये.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, पुरलं तिथे नाही. सासरे इंदुरात वारले तर दाखला इंदूर नगर निगमाचा. दफनभूमीची पावती फक्त पुरावा म्हणून लागते. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी प्रथम जिथे थांबली त्या ठिकाणी नोंद होते. मुदत २१ दिवस, तोवर शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. अहिल्यानगरला विधी आटोपून लोक पंधरा-वीस दिवस तिथेच राहतात आणि मुदत हुकते. घरातल्या एकाला याच कामासाठी आधी परत पाठवा.

प्रश्न : पैसे ठेवायचे कुठे? वडिलांच्या बचत खात्यात भरपूर आहेत, शिवाय विमा आहे. सरकारकडून काही मिळतं का?

वडिलांच्या एकट्याच्या नावावरचा पैसा पहिल्या दिवशी तुमच्या कामाचा नाही. मृत्यूनंतर त्यांचं एटीएम कार्ड वापरू नका. नॉमिनी असलात तरी रक्कम दाखल्यासह अर्ज केल्यावरच मिळते, आणि इतर वारसांनी पुढे हिशोब मागितला तर ते एटीएमचे पैसे अडचणीत आणतात. विम्यालाही दाखला लागतोच. म्हणून पहिल्या कागदाची रक्कम वडील आणि एक मूल यांच्या ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा संयुक्त खात्यात ठेवा, आणि पाच-सात हजार घरात रोख. खड्डा खणणारे आणि हमाल रोखच मागतात.

दगडाचे पैसे आवर्ती ठेवीत जमवता येतात. महिन्याला १,००० रुपये पाच वर्षं, साडेसहा टक्क्यांनी, म्हणजे सत्तर हजारांच्या थोडे वर. मात्र आजचाच भाव पाच वर्षांनी राहील असं समजू नका. भाववाढ सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो.

मदतीचं: मृत व्यक्ती ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) विमाधारक असेल तर अंत्यविधीचा प्रत्यक्ष खर्च १५,००० रुपयांपर्यंत मिळतो, घरातल्या सगळ्यात मोठ्या हयात व्यक्तीला किंवा ज्याने खर्च केला त्याला. अर्ज तीन महिन्यांच्या आत, आणि पावत्या हव्यात. म्हणून पेटी, गाडी, जागा यांची रसीद मागून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर नाव-तारीख तरी लिहून घ्या. मध्य प्रदेशच्या असंघटित कामगारांसाठीच्या संबल योजनेत नोंद असलेल्या श्रमिकाच्या अंत्येष्टीसाठी ५,००० रुपये आहेत. नोंद मृत्यूच्या आधीची लागते. दफनाला चालतं का, असंही एकाने विचारलं होतं: मदत अंत्यसंस्काराची आहे, पद्धतीची अट नाही.

आणि बिलात जीएसटी दिसला तर थांबा. अंत्यविधी, दफन, शवागार आणि शव वाहून नेणं या सेवा जीएसटीच्या कक्षेबाहेर आहेत. ग्रॅनाइटच्या दुकानाचं बिल वेगळं; तो माल आहे, त्यावर कर लागतो.

प्रश्न : बिल बाकी आहे म्हणून खासगी रुग्णालयाने शरीर अडवून ठेवलं तर?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत मृताचं शरीर ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. बिलाच्या वादासाठी शरीर ओलीस ठेवता येत नाही. बाकी रकमेची लेखी कबुली द्या, शरीर मागण्याचा अर्जही लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तरीही अडवलं तर पोलीस ठाणं आणि सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय आणि आरोग्य अधिकारी) कार्यालय. सरकारी रुग्णालयात असाल तर शववाहन मोफत आहे का, हे बाहेरच्या गाडीशी भाव करण्याआधी विचारा.

प्रश्न : लिहायला जड जातंय. सुनेला आठव्या महिन्यात मृत बाळ झालं. आम्ही हिंदू, पण बाळाला पुरायचं सांगितलं. घाईत सगळं झालं. नोंद करायची राहिली का?

हो, मृत जन्माचीही नोंद असते, आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. डिस्चार्जचे कागद घेऊन तिथे विचारा. सुनेला पाठवू नका. बाळाच्या दफनाला सहसा फार खर्च येत नाही. खड्डा मात्र निदान चार फूट हवा आणि माती दाबून वर जड दगड ठेवायला हवेत, कारण वरवर पुरलं तर कुत्री उकरतात. तुमच्या वेळी घाईत खड्डा उथळ राहिल्याची शंका असेल तर घरातल्या एका पुरुषाने मुक्तिधामाच्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन जाऊन वर माती आणि दगड टाकून घ्यावेत. उकरून पाहू नये.

प्रश्न : नावाच्या दगडावर मराठी मजकूर कोरून घ्यायचा आहे. काय जपावं?

ळ. इंदुरातले बहुतेक कारागीर हिंदी वाचणारे. साळवेचे सालवे आणि काळेचे काले होतात, आणि कोरल्यावर दुरुस्ती म्हणजे नवा दगड. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ हेही चुकतात. मजकूर हाताने लिहून देऊ नका, छापून द्या, आणि कोरण्याआधी प्रत्यक्ष आकारातला कागद दगडावर चिकटवून त्याचा फोटो मागवा. तो घरातल्या दोघांनी अक्षर अक्षर वाचावा, तारखा दाखल्याशी ताडाव्या. अक्षराची उंची एक इंचाच्या खाली नको, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार धुळीने भरून दिसेनासे होतात. दर अक्षरावर असेल तर जोडाक्षर एक मोजतात की दोन, ते आधीच ठरवा. लेसरने काढलेला चेहरा फक्त काळ्या ग्रॅनाइटवर उठून दिसतो. सोनेरी रंग उन्हात काही वर्षांत उडतो. खोल कोरून रंग न भरताच सोडलेली अक्षरं जास्त टिकतात आणि स्वस्तही पडतात.